श्वास मोजला का?

जिल्हा रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात सकाळचा राउंड आटोपला की ड्यूटीरूममध्ये थोडी उसंत मिळते. पुढचं संभाषण तशाच उसंतीतलं आहे. बोलणारे दोघे कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे मुद्दे मात्र कल्पित नाहीत. कुठल्याही सरकारी रुग्णालयात जरा वेळ बसलं तर ते ऐकू येतात, कधी चिडून, कधी हसून.

एक आहेत वॉर्डाच्या इन्चार्ज. दुसरा नर्सिंग कॉलेजचा ट्यूटर. कधीकाळी याच वॉर्डात, यांच्याच हाताखाली तो शिकला, म्हणून त्या त्याला ‘तू’ म्हणतात आणि तो त्यांना ‘मॅडम’. आज तो एक तक्ता घेऊन आला आहे. श्वास, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, अशा त्यात सात नोंदी. प्रत्येक नोंदीला गुण. बेरीज पाचवर गेली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सातवर गेली की धावपळ. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये हा तक्ता काढला आणि २०१७ मध्ये सुधारला. ट्यूटरला तो या वॉर्डात सुरू करायचा आहे.

मला या वादात कुणाची बाजू घ्यायची नव्हती. लिहिता लिहिता ती घेतली गेली.

इन्चार्ज : बस. चहा येतोय. तुझा तक्ता नंतर, आधी माझा बघ. काल रात्रीचा टीपीआर चार्ट. श्वासाचा रकाना वाच.

ट्यूटर : वीस. वीस. अठरा. वीस. वीस. वीस...

इन्चार्ज : पुरे. न्यूमोनियाचे आजोबा वीस, दम्याची बाई वीस, पोटदुखीचा पोरगा वीस. सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय. भजनी मंडळ बसलंय जसं! आणि या विसावर तू बेरीज मांडणार?

ट्यूटर : माझं म्हणणं तेच आहे, मॅडम. आज त्या रकान्याला किंमत नाही म्हणून तो कुणी मोजत नाही. माझ्या तक्त्यात त्याला किंमत आहे. एकवीसला दोन गुण, पंचविसाला तीन. आणि एकाच नोंदीला तीन पडले, तर बाकी सगळं ठीक असलं तरी डॉक्टरने येऊन बघायचं. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो...

इन्चार्ज : ते मला शिकवू नकोस. श्वास मोजायचा किती वेळ?

ट्यूटर : पूर्ण एक मिनिट.

इन्चार्ज : पंचेचाळीस पेशंट, पंचेचाळीस मिनिटं. नुसता श्वास. रात्रीला सिस्टर एक, नशीब असेल तर दोन. त्यात नऊची इंजेक्शनं, दोन नवीन अॅडमिशन, एकाची सलाईन बंद पडलेली, एकाने कॅथेटर ओढून काढलेलं. नर्सिंग काउन्सिलचा निकष काय सांगतोस रे मुलांना?

ट्यूटर : जनरल वॉर्डात, शिकवण्याच्या रुग्णालयात तिघांमागे एक नर्स. इतर रुग्णालयात पाचांमागे एक.

इन्चार्ज : बरोबर लिहिलं तर मार्क किती?

इथे दोघे हसतात. एरवी हा वाद इथेच संपतो. ‘माणसं कमी आहेत’ हे इतकं खरं आहे, की ते म्हटल्यावर पुढे कुणाला काही सुचत नाही. ट्यूटरला त्या दिवशी सुचलं.

ट्यूटर : माणसं कमी आहेत म्हणूनच तर तक्ता. पंचेचाळीस जणांना सारखं लक्ष देता येत नाही, मग आधी कुणाकडे जायचं हे तरी ठरायला हवं.

इन्चार्ज : ते मी दारातच ठरवते. पाळी बदलताना ओव्हर घ्यायच्या आधी एक चक्कर मारते, चार्टला हात न लावता. कोण कॉटच्या कडेला दोन्ही हात रोवून बसलंय. कोण एक वाक्य तीन तुकड्यांत बोलतंय. कुणाचा डबा तसाच पडलाय. काल रात्रभर ‘सिस्टर, पाणी’, ‘सिस्टर, लाइट’ करणारे आजोबा आज गप्प का आहेत. सगळ्यांना बरं वाटतं गप्प झाले म्हणून, मला नाही वाटत. आणि नातेवाइकाचं स्टूल बघते. बायको रोज भिंतीला टेकून बसते, आज तिने स्टूल कॉटला चिकटवलंय. तिला काहीतरी कळलेलं असतं. सांगता येत नाही, पण कळलेलं असतं.

ट्यूटर : गप्प झालेल्या आजोबांना माझ्या तक्त्यातही जागा आहे. नव्याने आलेला गोंधळ २०१७ मध्ये शुद्धीच्या नोंदीत घातला. त्याला थेट तीन गुण.

इन्चार्ज : गोंधळलेला माणूस बडबडला तर तुला कळेल. पडून राहिला तर?

ट्यूटर : मग कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं. मान्य. पण मॅडम, हे सगळं तुम्हाला दिसतं. काल रात्री ड्यूटीवर कोण होतं?

इन्चार्ज : ती नवी मुलगी. कंत्राटी. जीएनएम होऊन वर्षही झालं नाही.

ट्यूटर : तिला स्टूल दिसतं का?

इन्चार्ज : दिसेल हळूहळू.

ट्यूटर : अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर नावाच्या नर्सने १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. नर्स पाच पायऱ्या चढते असं ती म्हणते. पहिलीवर नियम हातात धरून चालते. पाचवीवर नियम आठवावा लागत नाही, परिस्थिती बघितली की काय करायचं ते समोर उभं राहतं. तुम्ही पाचवीवर आहात.

इन्चार्ज : आणि मधल्या पायऱ्या ती मुलगी चढणार कुणाच्या अंगावरून? सात नंबरच्या कॉटवरच्या पेशंटच्या?

ट्यूटर : म्हणूनच तर तिच्या हातात काहीतरी द्या म्हणतोय!

इन्चार्ज : देऊ की. पण खोटा धीर देऊ नकोस. डेंगूचं सांगते. पाऊस संपत आला की आपला अर्धा वॉर्ड त्याने भरतो. चोवीस वर्षांचा पोरगा, तापाचा पाचवा दिवस. काढ तुझं पेन. आदल्या संध्याकाळी ताप ३९.२, नाडी ११२, बीपी ११८/७६, सॅच्युरेशन ९८.

ट्यूटर : तापाचे दोन, नाडीचे दोन. चार.

इन्चार्ज : दुसऱ्या दिवशी पहाटे ताप ३७. नाडी १०४. बीपी ११२/९४. सॅच्युरेशन तेवढंच. श्वास कागदावर... सांगायला नकोच.

ट्यूटर : वीस. म्हणजे शून्य. नाडीचा एक. बेरीज एक.

इन्चार्ज : चारावरून एकावर. आई खूश, ताप उतरला म्हणून. आदल्या दिवशी बापाची रक्तपेढीत धावपळ झालेली, प्लेटलेट किती, प्लेटलेट किती एवढंच तोंडात. कुणीतरी पपईच्या पानांचा रस आणून पाजलेला. रात्रीच्या सिस्टरने ओव्हर दिला, ‘सात नंबर, ताप उतरला, स्टेबल.’ आणि मी त्याचा हात धरला तर बोटं गार. नख दाबून सोडलं तर रंग यायला वेळ लागत होता. रात्री दोनदा उलटी, पोट दुखतंय म्हणत होता, लघवी कधी झाली ते कुणालाच आठवेना. कॉटवर सारखी कूस बदलत होता. मी श्वास मोजला, चोवीस. आता किती?

ट्यूटर : दोन वाढतील. तीन.

इन्चार्ज : तीनसुद्धा पाचाच्या आतच. डेंगूत ताप उतरतो तेव्हाच खरी भीती सुरू होते. पुढचा एक दिवस, दोन दिवस. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, शरीर शिरा आवळून वरचं बीपी धरून ठेवतं, आणि ते धरून ठेवलंय म्हणून तुझा तक्ता शून्य देतो. धरलेलं सुटलं की मग देईल तीन. तोवर आम्ही काय करायचं?

ट्यूटर : मॅडम, तुमच्या हाताला मी नमस्कार करतो. पण ११२ आणि ९४. वजा करा.

इन्चार्ज : अठरा.

ट्यूटर : वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर वीसवर किंवा त्याखाली आलं की डेंगूत तो शॉक धरतात, वरचं बीपी कितीही चांगलं दिसो. पोटदुखी, सारख्या उलट्या, बेचैनी, ही सगळी धोक्याची लक्षणं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत आहेत. म्हणजे तुमच्या बोटांना जे कळलं ते पहाटेपासून चार्टवर लिहिलेलं होतं. रात्रीच्या सिस्टरने ९४ लिहिलंसुद्धा. वजाबाकी कुणी केली नाही.

इन्चार्ज : ...हं.

ट्यूटर : मग डेंगूच्या चार्टवर बीपीशेजारी एक रकाना वाढवू. फरक. वीसला लाल.

इन्चार्ज : तो चालेल मला. तुझ्या त्या साहेबी तक्त्यापेक्षा चालेल.

ट्यूटर इथे एक पाऊल पुढे गेला असं मला वाटतं. इन्चार्ज बाईंनी सांगितलेली गोष्ट तक्त्याविरुद्धची होती. त्याने ती एका चुकीच्या तक्त्याविरुद्धची करून टाकली. सगळ्या वॉर्डासाठी काढलेला तक्ता एका रोगापुढे आंधळा ठरला, म्हणून आकडेच आंधळे ठरत नाहीत. पण त्या ९४ कडे बघावंसं वाटायला आधी कुणीतरी त्या मुलाचा हात धरावा लागला, हेही खरंच.

ट्यूटर : आता मी एक सांगू? याच वॉर्डातलं. मी शिकाऊ होतो, तुम्ही रजेवर होता. रात्री रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस. दारूचा भपकारा, कपाळावर खरचटलेलं. जो तो म्हणाला, ‘नेहमीचा आहे. उतरली की उठेल.’ सगळे अनुभवी होते, मॅडम. वीस-वीस वर्षांचे. सगळ्यांनी असे शंभर बघितलेले आणि ते शंभरही सकाळी उठून चहा मागत बसलेले. याला सकाळी मावशी चादर बदलायला गेल्या तेव्हा एक बाहुली मोठी झालेली.

इन्चार्ज : ऐकलंय मी ते.

ट्यूटर : ग्लासगोमध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये शुद्धीचं मोजमाप बसवलं. त्याआधी डॉक्टर-नर्स काय लिहायचे? गुंगीत आहे, अर्धवट शुद्धीत आहे, हाकेला ओ देतो. प्रत्येकाची गुंगी वेगळी. त्यांनी तीनच गोष्टी धरल्या. डोळे कधी उघडतो, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो. तीनपासून पंधरापर्यंत. दर तासाला कुणीही मोजा, मागच्या तासाशी ताडून बघता येतं. दारू उतरते तसा तो आकडा चढायला हवा. त्या रात्री एकदा जरी तो उतरताना दिसला असता, तर ‘नेहमीचा आहे’ म्हणायची कुणाची छाती झाली नसती. आकड्याला वास येत नाही.

इन्चार्ज : मी असते तरी मी तेच म्हटलं असतं. दारुड्यांचा मला राग येतो, आणि राग आला की नजर नीट बघत नाही. पुढे बोल.

ट्यूटर : एवढंच की नजरेलाही सवयी असतात. तिशीतली बाई छातीत धडधडतंय म्हणाली की ‘टेन्शन’. विष घेतलेली सून म्हटली की आवाज चढतो. पारध्याचा पेशंट आला की आधी सामान आवरलं जातं. हे सगळं त्याच नजरेचं काम, जी स्टूल बघते.

यावर त्या काही बोलल्या नाहीत. चहा आला. रात्रीची मुलगी घरी जाताना दाराशी थांबली, दोन नंबरची सलाईन दहाला बदलायची आहे असं सांगून गेली. अनुभव माणसाला शहाणं करतो असं आपण गृहीत धरतो. अनुभव जे वारंवार दिसलं तेच पुन्हा बघायला शिकवतो, आणि रुग्णालयात जीव जातो तो बहुधा शंभरांतल्या वेगळ्या एकाचा. ट्यूटरचा हा मुद्दा मला या साऱ्या बोलण्यात सर्वांत जड वाटतो. इन्चार्ज बाईंनी मग उत्तर दिलं ते दुसऱ्याच बाजूने.

इन्चार्ज : फवारणीच्या दिवसांतलं सांगते. आपला कपाशीचा पट्टा. यवतमाळचं २०१७ साल आठवतं ना? शेकडो माणसं दाखल झाली, वीसच्या आसपास गेली. ते गाजलं. न गाजता दर वर्षी येतातच. कुणाच्या अंगावर औषध उडालेलं, कुणी पिऊन आलेलं. पहिला दिवस सगळ्यांना कळतो. तोंडाला फेस, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अॅट्रोपीन चालू होतं आणि सिस्टर कॉटशी उभी राहते. छातीतली घरघर थांबली का, काख कोरडी झाली का, नाडी ऐंशीच्या वर आली का. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच लाळेत बुडतो. जास्त झालं तर बरळतो, हवेतले धागे ओढत बसतो.

ट्यूटर : हे मुलांना शिकवतो मी.

इन्चार्ज : तिसरा दिवस शिकवतोस? पेशंट बोलतोय, खातोय, नातेवाईक विचारतायत, घरी कधी सोडणार. सगळे आकडे चांगले. मी जाऊन म्हणते, ‘दादा, उशीवरून मान उचला बघू. धरून ठेवा.’ एकाने उचलली आणि लगेच टाकली. पुन्हा सांगितलं, उचलताच येईना. सॅच्युरेशन ९७. मी कॉल दिला. दुपारपर्यंत त्याला श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागलं. मानेचे स्नायू आधी जातात, मग श्वासाचे. बोटाला लावलेलं ते यंत्र सगळ्यात शेवटी बोंबलतं.

ट्यूटर : ही खूण तुम्हाला कुणी सांगितली?

इन्चार्ज : मेडिसिनचे जुने सर होते, त्यांनी.

ट्यूटर : आणि त्यांनी वाचली असणार. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हा प्रकार लिहून ठेवला, एक ते चार दिवसांत येणारा अशक्तपणा. त्यांनी लिहिलं, सरांनी वाचलं, तुम्ही ऐकलं. लिहिलेलंच कुठून कुठून तुमच्या हातात उतरलंय.

इन्चार्ज : असेल ना! मी कुठे म्हणते आईच्या पोटातून शिकून आले? पण तुझ्या सात रकान्यांत मान नाही. आणि उद्या आठवा रकाना मानेचा केलास, तर काय होईल सांगू? ‘मान उचलतो, होय.’ पंचेचाळीस वेळा होय. डेंगूवाल्याचीही मान उचललेली, हार्टवाल्याचीही. विसासारखीच. कुणाला काय विचारायचं हे ज्याला सुचतं त्याचीच नोंद खरी असते.

ट्यूटर : म्हणजे तक्ते वाईट नाहीत, भरणारे वाईट?

इन्चार्ज : भरणारे दमलेले. वाईट म्हणू नकोस. दिवसभर लिहायचंच काम आहे आता. इनटेक-आउटपुट लिहा, स्टॉक लिहा, ऑनलाइन एन्ट्री करा, तपासणी आली की मागचं सगळं पूर्ण करा. पेशंटजवळ जायचं ते लिहायला मिळावं म्हणून. आणि वर सेवाभाव. परिचारिका दिनाला फूल देतात, ‘त्यागमूर्ती’ म्हणतात. केईएमच्या सिस्टर्सचं नाव घेतात त्या भाषणांत.

ट्यूटर : अरुणा शानबाग यांना सांभाळणाऱ्या.

इन्चार्ज : हो. १९७३ पासून २०१५ पर्यंत अरुणा तिथे अंथरुणाला खिळून होत्या. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या निकालात त्या वॉर्डाचं कौतुक केलं. इतक्या वर्षांत अंगावर बेडसोअर नाही. भाषण करणाऱ्याला त्यात माया दिसते. असेलच. पण बेडसोअर मायेने टळत नाही. ठरल्या वेळी कूस बदलून टळतो. चादरीची सुरकुती काढून, माकडहाडावरची लाली वेळेवर ओळखून, नळीतून नीट भरवून टळतो. ते सगळं त्यांनी ड्यूटी म्हणून, पाळ्या लावून, एकीने दुसरीला ओव्हर देत केलं. त्याला त्याग म्हटलं की त्यातली अक्कल कुणाला दिसत नाही.

ट्यूटर : मॅडम, तुम्ही आता माझ्याच बाजूचं बोललात. पाळ्या, वेळा, ओव्हर.

इन्चार्ज : बोलले असेन. माझी बाजू कागदाविरुद्ध कधीच नव्हती.

ट्यूटर : नाइटिंगेलबाईंचं तेच झालं. आपण मुलींच्या हातात दिवा देऊन शपथ घ्यायला लावतो. क्रिमियाच्या युद्धानंतर त्या बाईने सैनिक जखमांपेक्षा रोगाने जास्त मेले हे आलेख काढून सरकारपुढे ठेवलं, ते शपथेत येत नाही. सरकार हललं ते त्या आलेखांमुळे. म्हणूनच तक्ता हवा मला, मॅडम. पेशंट कळावा म्हणून कमी, आपलं कुणी ऐकावं म्हणून जास्त. रात्री दोनला तुम्ही फोन केलात तर काय होतं?

इन्चार्ज : डॉक्टर येतो.

ट्यूटर : तुम्ही केलात तर. त्या मुलीने केला तर? ‘सर, सात नंबर बरा वाटत नाही.’ पलीकडचा निवासी डॉक्टर आदल्या सकाळपासून उभा आहे. तो विचारतो, ‘व्हायटल्स?’ ती सांगते. ‘मग झालं काय? सकाळी बघतो.’ तिच्याकडे पुढे शब्द नाहीत. तिने ‘सर, बेरीज सात आहे’ म्हटलं तर त्याला उठावं लागेल. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत निरोप द्यायची एक ठरलेली पद्धत होती, ती तिकडच्या रुग्णालयांनी उचलली. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. या चार गोष्टी, याच क्रमाने. तिसरी आणि चौथी आपली सिस्टर कधी बोलतच नाही.

इन्चार्ज : बोलली तर ऐकून घेतात, ‘डॉक्टर तुम्ही की मी?’ मी काय करते माहितीये? तिसऱ्यांदा फोन लावते आणि सांगते, ‘सर, मी नोट्समध्ये वेळ टाकतेय. दोन वाजून दहा मिनिटं, सरांना कळवलं.’ चप्पल घालायच्या आत येतात. त्या डेंगूवाल्या पोराच्या वेळी हेच केलं. आले, हात लावून बघितला, आणि मग सलाईन कशी धो धो लावली.

ट्यूटर : म्हणजे तुमच्या नजरेलासुद्धा शेवटी वेळ आणि आकडाच लागला.

इन्चार्ज : वेळ लागली. आकडा त्याच्याकडे होताच की, बेरीज एक. बेरजेने नसता उठला तो. उत्तर द्यावं लागेल म्हणून उठला.

ट्यूटर जरा वेळ तक्त्याकडे बघत राहिला. मला वाटतं, त्या सबंध सकाळचा वाद या एका वाक्यापाशी येऊन अडत होता. निर्णय नजरेचा चांगला की आकड्याचा, यावर दोघे तावातावाने भांडत होते. पण नर्सच्या निर्णयाला पलीकडच्या माणसाने उत्तर द्यायचं बंधन नसेल, तर तो कुठून आला याने फार फरक पडत नाही. पूर्ण मिनिटभर मोजलेला चोवीस आणि न मोजलेला वीस दोन्ही एकाच फायलीत जातात.

ट्यूटर : आणखी एक दाखवायचं होतं. नेदरलँड्समध्ये नर्सच्या काळजीचाच अभ्यास केलाय. आकडे अजून नीट असताना ‘काहीतरी बिनसलंय’ असं नर्सला कशावरून वाटतं, ते त्यांनी गोळा केलं. श्वास बदलला, अंग गार पडलं, हुडहुडी भरली, बेचैन झाला, दुखणं वाढलं, बरा व्हायला हवा होता पण होत नाही, पेशंट स्वतःच म्हणतो मला ठीक वाटत नाही. आणि शेवटी एक, कारण सांगता येत नाही पण वाटतंय. तेही यादीत. मी आपल्या तक्त्यात खाली एक रकाना केलाय : ‘सिस्टरला काळजी वाटते का?’ होय, नाही.

इन्चार्ज : गार अंग, बेचैनी... सगळं सात नंबरचंच आहे की हे. पण पहिल्या आठवड्यात खरं लिहितील. मग ‘होय’ लिहिणाऱ्या मुलीला कुणीतरी राउंडला सगळ्यांसमोर विचारेल, ‘काय सिस्टर, फार काळजी वाटते तुम्हाला?’ त्यानंतर पंचेचाळीस वेळा नाही.

ट्यूटर : मग काढून टाकू?

इन्चार्ज : काढू नकोस. त्याच्यापुढे तीन रकाने वाढव. किती वाजता कळवलं. कुणाला कळवलं, नाव. आणि तो किती वाजता आला. शेवटचा त्याने स्वतःच्या हाताने भरायचा, सहीसकट.

ट्यूटर : डॉक्टर मंडळी मान्य करणार नाहीत, मॅडम. युनिटचे सर तर मुळीच नाही.

इन्चार्ज : मग चहा संपव आणि वर त्यांच्याकडे जा. माझ्याकडे कशाला आलास?